दोन खुर्च्यांचा तराफा

माझं वजन विचारायची हिंमत आजवर दोघांनीच केली. एक डॉक्टर आणि दुसरे आमचे हे. डॉक्टरला मी खरं सांगितलं. ह्यांना सत्तर सांगितलं.

झालं असं, की ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि मुलीनं बापाला दम भरला, "बाबा, आता एकट्यानं पाण्यावर जायचं नाही. सोबत कुणी येणार असेल तर जा. नाहीतर होडी विकून टाकू." ह्यांचा चेहरा एवढासा झाला. अहो, उभा जन्म फौजेत इंजिनिअर म्हणून काढलेला, तोही पाण्यावर! नदी दिसली की तिच्यावर तरंगता पूल बांधायचा, रणगाड्यांसकट अख्खी पलटण पलीकडे न्यायची, की पूल उचलून पुढच्या नदीवर. निवृत्त झाल्यावर घर घेतलं तेही तळ्याकाठी. सकाळचा चहा होडीत, पेपर होडीत, आणि माझ्याशी भांडण झालं की रुसून बसायचं तेही होडीतच.

आता सोबतीला जाणार कोण? मित्र सगळे गुडघ्यांनी जायबंदी. मुलीला नोकरी. राहता राहिले मी. आणि मला पाण्याची अशी धास्ती, की बादली काठोकाठ भरली तरी छातीत धडधडतं.

हे काही बोलले नाहीत. नुसते खिडकीत बसून तळं बघायला लागले. आरडाओरडा केला असता तर मीही आवाज चढवला असता, त्यात काय! पण ते गप्प बसणं मला बघवेना. शेवटी मीच म्हणाले, "होडीत मी मेले तरी बसणार नाही. न हलणारं काहीतरी करा, मग बघू."

झालं! माणूस ताडकन उठला. पिंपं आली, फळ्या आल्या, दोरखंड आले. बैठकीच्या खोलीचा कारखाना झाला. सोफ्यावर पिंपं आणि मी जमिनीवर. पिंपांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर दोन खुर्च्या ठोकायच्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"तुझं वजन?" कानावरची पेन्सिल काढत ह्यांनी विचारलं.

"ते कशाला हवंय?"

"भार कळल्याशिवाय तोल कसा साधणार? आम्ही रणगाड्याचंसुद्धा विचारतो."

आता रणगाड्याच्या पंगतीला बसवल्यावर कुठली बाई खरं सांगेल?

रविवारी तळ्यावर ही गर्दी! मुलगी, जावई आणि होडी विकत घ्यायला टपलेला शेजारी. तो तर होडीला हात लावूनच उभा होता, मेला. मी देवाचं नाव घेत खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी ती आवळली आणि डोळे मिटले.

काठापासून जरा आत गेलो आणि पायाला गार लागलं. डोळे उघडले तर तराफा माझ्या बाजूला कललेला आणि पाणी चपलेत!

"अहो!" मी किंचाळले. "खोटं बोलले मी! सत्तर नाही, ब्याऐंशी आहे! ब्याऐंशी!"

काठावर जावई खोकला. पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं असणार.

"ओरडू नकोस," हे वल्हं आडवं धरत म्हणाले. "मी ब्याऐंशीच धरलंय. इतकी वर्षं संसार केलाय, सत्तरवर विश्वास ठेवायला मी काय खुळा आहे?"

"मग हे कलतंय कशानं?"

ह्यांनी एकदा माझ्या बाजूची पिंपं बघितली, एकदा स्वतःच्या बाजूची.

"तुमचं किती धरलंत?"

"जे आहे तेच. अठ्ठ्याहत्तर."

अठ्ठ्याहत्तर! अहो, ते निवृत्तीच्या दिवशीचं. आजारपणात ह्यांच्या पँटी कमरेत आत घेत होते ती मीच. दवाखान्यात काट्यावर उभं केलं तेव्हा चौसष्टचा आकडा मी वाचला होता, हे भिंतीकडे बघत होते. चपलेतलं पाणी विसरले मी. हा माणूस असाच झिजत गेला तर मी काय करू, एवढंच डोक्यात आलं.

मी खुर्ची सोडली.

"हलू नकोस! जागेवर बस! हा हुकूम आहे!"

"चुलीत घाला तो हुकूम," म्हणत मी जीव मुठीत धरून रांगत मधल्या फळीवर गेले आणि ह्यांच्या गुडघ्याला खेटून बसले. माझ्या बाजूचं पाणी सरसर ओसरलं. हेही खुर्चीतून उतरून मधे माझ्याजवळ सरकले, तसा तराफा सरळ झाला.

"काय मग, होडीचं काय ठरलं?" काठावरून शेजारी ओरडला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या पलटणी हाकलेला माणूस, पण माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"विकायची नाही!" मी काठाकडे ओरडले. मग ह्यांना म्हटलं, "वल्हवा. आणि उद्यापासून दूध दोन वेळा प्यायचं. अठ्ठ्याहत्तर भरेपर्यंत मी इथून उठणार नाही."