दांडा बसेना

"बाई, श्वास सोडा. अजून सोडा."

"अजून सोडला तर गाडीशिवायच वर जाईन," थोरली म्हणाली, आणि मागच्या डब्यातली पोरं खिदळली.

रोलर कोस्टरची गाडी सोडणारा माणूस मात्र हसला नाही. त्यानं मांडीवर येणारा तो जाडजूड दांडा पुन्हा वर उचलला, पुन्हा खाली दाबला, वरून आपला गुडघाही लावला. 'कट्' असा आवाज यायला हवा होता, तो काही केल्या येईना. दांडा थोरलीच्या पोटापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. शेजारच्या जागेवर तिची धाकटी जाऊ बसली होती. तिचा दांडा केव्हाच बसला होता आणि तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता.

थोरलीचा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकणारा माणूस चाकाशी आणि ही त्याच्या शेजारी, पायाशी एक जादा ब्रेक घेऊन. कुणी वळणावर डोळे मिटायचं, कुणी ब्रेक समजून भलतंच दाबायचं, एका गृहस्थांनी तर भर चौकात चाक सोडून नमस्कार केला होता समोरच्या ओळखीच्याला. आठवडाभर सगळ्यांचे जीव हिच्या उजव्या पायाखाली. म्हणूनच की काय, तिला रोलर कोस्टरचं वेड होतं. तिथं पायाशी काही म्हणजे काही नसतं. "आठवडाभर मी लोकांना वाचवते, तिथं मला कुणीतरी वाचवतो," असं ती म्हणायची. नवऱ्याला या गाडीच्या नुसत्या चित्रानं गरगरायचं, म्हणून ती एकटीच यायची. लग्न झाल्यापासून येत होती.

कुणाला देव डोंगरात दिसतो, कुणाला तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यात. थोरलीला प्रभू भेटायचा तो चढणीवर. चर्चमध्ये बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असायची. तिथं मनन सांगायची पाळी हिची आली, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "आज कुठल्या वळणावर नेतायत बघू!" ही बिनदिक्कत उभी राहायची. "चढताना खालून खडखड असा आवाज येतो ना, त्यानं सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण बायांनो, ती खडखड कसली असते माहीत आहे? गाडी मागे घसरू नये म्हणून खाली खिट्टी असते, तिची. ज्या आवाजाला आपण भितो, तोच आपल्याला धरून असतो." आणि तिचा सगळ्यात लाडका धडा दांड्याचा. "आपण दांडा धरतो असं आपल्याला वाटतं. खोटं आहे ते. दांडा आपल्याला धरतो. जो बसेल त्याला धरतो. बारीक-जाड, पापी-पुण्यवान बघत नाही." पाळक एकदा म्हणाले होते, "बाई, प्रभू पाण्यावरून चालला, तेवढं पुरे होतं. त्याला तुम्ही या गाडीत कशाला बसवता?" तर ही म्हणाली, "मी कुठं बसवतेय? मी जाते तेव्हा तो आधीच बसलेला असतो." पाळकांनी हात जोडले.

पण धाकटीपुढं यातलं काही चाललं नाही.

वर्षापूर्वी धाकटा दीर सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिला आणि उभ्याचा आडवा झाला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. चर्चमध्ये गाण्याचा पहिला सूर धाकटीचा असायचा. तेव्हापासून तिनं ना गाणं म्हटलं, ना प्रार्थना. शाळेतली नोकरी सोडली आणि आतल्या खोलीत बसून राहिली. "मी प्रभूशी बोलत नाही, ताई," ती म्हणायची. "नेताना त्यानं मला विचारलं होतं का?"

थोरलीनं आपला नेहमीचा मार्ग धरला. "अगं, ही चढण आहे. चढणीवर पुढचं दिसत नाही, पण रूळ..."

"पुरे, ताई!" धाकटी ताडकन म्हणाली. "तुमच्या गाडीला शेवटी फलाट असतो. माझा माणूस मधेच उतरला."

थोरली उठली आणि चपला घालून निघाली. घरी येऊन ती नवऱ्यावर उगाचच चिडली, आणि मग मोरीत तोंड धुता धुता रडली. पण हार मानेल तर ती थोरली कसली! महिनोन् महिने तिनं एकच धोशा लावला. "एकदा माझ्या शेजारी बस. मग प्रभूला काय बोलायचं ते बोल, नाहीतर बोलू नकोस." शेवटी परवा धाकटी म्हणाली, "येते. पण तुम्ही शेजारी असाल तरच. आणि एकही धडा द्यायचा नाही." थोरलीनं शब्द दिला. वर्षभरात धाकटी पहिल्यांदा आपणहून घराबाहेर पडली होती. आज ही अशीच माघारी गेली तर पुन्हा उंबरा ओलांडायची नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज दांडा बसत नव्हता.

"बाई, होत नाही," गाडी सोडणारा माणूस खाली वाकून हळूच म्हणाला. इतक्या वर्षांची ओळख होती, चारचौघांत बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं. "दांडा बसल्याशिवाय मला गाडी सोडता येत नाही."

"माहीत आहे रे. मीही दिवसभर लोकांवर पट्ट्यासाठी ओरडतच असते."

तोंडानं ती असं म्हणाली खरी, पण कानशिलं तापली होती. मागं रांग खोळंबलेली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला. खात्यापित्या पोटाचा आला, दांड्याचा आला, आणि खरं सांगायचं तर प्रभूचाही आला. मी गेल्या वेळी आले तेव्हा बसला होता ना? मग आजच मेली ही अडवणूक कशाला? जो बसेल त्याला धरतो म्हणून मी गावभर सांगत फिरले, आता या पोरीला काय तोंड दाखवू?

ती उठली. "चल गं, तूही उतर. मी शेजारी बसेन म्हणाले होते. दुसरं काहीतरी करू."

धाकटी हलली नाही. समोर चढण होती, तिच्याकडे बघत होती. "तुम्ही उतरा, ताई."

"आणि तू? एकटी?"

"घरी तरी कुणाबरोबर बसते?"

"इथं दुसऱ्या कुणाला बसवू का?" गाडी सोडणाऱ्यानं रांगेकडे हात केला.

"नको," धाकटी म्हणाली. "असू दे रिकामी."

गाडी सुटली. थोरली फलाटावर उभी. खडखड सुरू झाली. इतकी वर्षं तिनं हा आवाज आत बसून ऐकला होता, आपलं माणूस वर जाताना खालून कधी ऐकला नव्हता. तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जाऊ लागला. दाबून दाबून पोटरी दुखायला लागली, गाडी वर चाललीच होती. 'थांबवा हो' असे शब्द जिभेवर आले होते, ते तिनं गिळले. धडे तर किती होते तिच्यापाशी, पण त्यातला एकही उपयोगी पडेना. 'प्रभू,' ती मनात म्हणाली, 'ती तुझ्याशी बोलत नाही. मीच घेऊन आले तिला. आता तूच बघ.'

गाडी टोकाला गेली, क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि कोसळली.

धाकटी बाहेर आली ती केस पिंजारलेले, डोळे लाल, नाक वाहतंय अशी. थोरली लगबगीनं पुढं झाली. "अगं बाई! लागलं का काही? चक्कर येतेय?"

"मी शिव्या दिल्या त्याला, ताई."

"कुणाला?"

"त्याला. वर." धाकटीला धाप लागली होती. "जे जे साठलं होतं ते सगळं बोलले. का नेलास म्हणून विचारलं. इतक्या मोठ्यानं ओरडले की घसा बसला माझा. चर्चमध्ये असं बोलता येतं का?"

थोरलीच्या ओठावर काहीतरी आलं होतं. चांगलं होतं, बुधवारी बायकांना सांगण्यासारखं. तिनं ते तिथंच सोडून दिलं आणि धाकटीच्या तोंडावरचे केस मागं सारले. "नाही येत," ती म्हणाली.

"अजून संपलं नाही माझं." धाकटीनं बाहीनं नाक पुसलं. "मी परत जाते." आणि ती खरंच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

गाडी सोडणारा माणूस कठड्यापाशी आला. "बाई, राग मानू नका. पुढच्या खेपेला पुन्हा बघू आपण."

"बघायचं काय त्यात? हे पोट काय आता आत जाणार आहे?" थोरली हसली. "माझ्या फेऱ्या झाल्या. भरपूर झाल्या. तू तिचा दांडा नीट बघ."

ती पायऱ्या उतरून खाली आली. खालच्या बाकावर वर गेलेल्यांची माणसं बसली होती. ही जागा तिनं याआधी कधी पाहिलीच नव्हती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सरकून तिला जागा करून दिली.

"वर कोण आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"धाकटी जाऊ."

धाकटीची पाळी आली. गाडी टोकाला पोचली आणि खाली झेपावली. एकच कल्लोळ झाला, आणि त्या कल्लोळातून एका बाईचा बसलेला, फाटका आवाज वेगळा निघाला. गृहस्थांनी दचकून वर पाहिलं.

"ती ओरडतेय ती?"

"तीच," थोरली म्हणाली. "ओरडू दे. वर्षभर गप्प होती."