पाणी पिऊन या

"पाणी पिऊन या" हे बुद्धप्रियानं पार्वतीबाईंना रोज सांगितलं होतं. आज किरणांचा पाचवा शेक, आणि आजही त्या कोरड्याच आल्या होत्या.

लातूरच्या त्या दवाखान्यात किरण कुठून आणि किती द्यायचे, याचा आराखडा बुद्धप्रिया कॉम्प्युटरवर करायची. पार्वतीबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. त्यांच्या आराखड्यावर तिनं तीन दिवस घालवले होते. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि किरणांतून वाचतात, हे धरूनच तो केलेला होता. चार दिवस कसंबसं चाललं. आज मशीनवरचं स्कॅन आराखड्यावर ठेवलं, तर आतडी थेट लाल पट्ट्यात.

"बजरंग, उतरव त्यांना."

"मॅडम, बाहेर तीस पेशंट हाईत," टेक्निशियन कुरकुरला.

"असू देत!"

तिनं पार्वतीबाईंना स्क्रीनसमोर बसवलं. "मावशी, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. हे लाल दिसतंय ना, तिथं किरण सगळ्यात जास्त. ही तुमची आतडी. आणि हे शेक सुरू व्हायच्या आधी, इथं पाणी पाजून काढलेलं चित्र. पिशवी भरलेली, आतडी बघा कुठं वर हायती."

पार्वतीबाई बराच वेळ बघत राहिल्या. "हे माझं पोट हाय?"

"हाव."

"मग हे आधी दाखवायचं न्हाई का, माय? मला वाटलं, अशक्तपणा येऊ नये म्हणून पाणी प्या म्हणतेत." मग आवाज खाली आला. "निलंग्याहून दीड तास एस्टी. पाणी पिऊन बसले तर मधी उतरू कुठं? दुसऱ्या दिवशी पिले होते. लुगडं भिजलं गाडीत. लोकं बघत राहिले."

बुद्धप्रियाचा राग गेला नाही, पण आता तो स्वतःवर होता. फाईलवर 'रुग्ण सूचना पाळत नाही' असं तिनंच लिहिलं होतं. का पाळत नाही, हे विचारलं नव्हतं.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. "सर, यांना इथं आल्यावर पाणी देऊ, नंबर तासाभरानं लावू."

"एका बाईसाठी यादी मोडायची?"

"एकीसाठी नाही. गर्भपिशवीच्या सगळ्या बाया एस्टीनंच येतात."

डॉक्टरांनी वैतागून हात हलवला. "करा."

पार्वतीबाई तिथंच चार पेले पाणी प्यायल्या. तासाभरानं पुन्हा स्कॅन केलं. आतडी लाल पट्ट्याच्या वर गेली होती. बुद्धप्रियानं मान हलवली, शेक सुरू झाला.

पुढचे वीस दिवस बजरंग यादी खोडून लिहीत राहिला. आणि बाकावरून पार्वतीबाई रोज ओरडायच्या, "घे की रे लवकर! किती धरून बसू?"