अकरा खांब

मी एक नस्ती बोलते आहे. लोक मला फाईल म्हणतात, म्हणोत बापडे. करड्या पुठ्ठ्याचे अंग, पांढरी नाडी आणि पोटात सत्तेचाळीस पाने, एवढाच माझा संसार. आवाज चढला तर क्षमा करा. तीन वर्षे गप्प बसले आहे.

माझा जन्म एका अर्जातून झाला. डोंगरातल्या एका लहान रुग्णालयाच्या परिचारिकेने तो लिहिला होता. सर्पदंशावरची लस थंड ठेवावी लागते. तिच्याकडे शीतकपाट आहे, पण वीज दिवसातून सहाच तास; म्हणून ती रोज सकाळच्या बसने बर्फ आणते. रुग्णालयापर्यंत स्वतंत्र वीजवाहिनी द्यावी, एवढेच तिचे मागणे. केंद्र सरकारात कोणाला तरी ते पटले. तिच्यापासून सुरुवात करून सर्वच दुर्गम रुग्णालयांसाठी धोरण आखायचे ठरले आणि माझ्या अंगावर ‘तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी लागली. ती आता गुलाबी झाली आहे.

आरोग्य विभागाच्या बाईंनी लिहिले, ‘मान्य. ऊर्जा विभागाचा अभिप्राय घ्यावा.’ ऊर्जा विभागाने लिहिले, ‘वाहिनी जंगलातून जाणार. वन विभागाचा अभिप्राय प्रथम घ्यावा.’ वन विभागाने लिहिले, ‘खांब किती, हे कळल्याविना झाडे किती तुटतील ते सांगता येत नाही.’ ऊर्जा विभागाने उत्तर दिले, ‘वन विभागाच्या संमतीविना खांब मोजता येत नाहीत.’

अभिप्राय म्हणजे मनातला आशय. माझ्या पानापानांवर अभिप्राय आहेत. मन मात्र मला कोठेच आढळले नाही.

या तिन्ही खोल्या एकाच मार्गिकेत आहेत. पहिलीपासून तिसरीपर्यंत बत्तीस पावले. आवक-जावक नोंदींसह तेवढ्या अंतराला मला कधी दोन महिने लागले, कधी पाच. मला काखेत मारून निघताना शिपाईमामा म्हणत, “चला बाई, सासर-माहेर करून येऊ.”

आणि संताप कशाचा म्हणाल, तर याचा: हे तिघे अधिकारी रोज दुपारी आरोग्य विभागाच्या खोलीत एकाच टेबलावर डबे उघडतात. पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, सगळे बोलतात. पण त्यांचा एक नेम आहे: जेवताना नस्तीचे नाव काढायचे नाही. मी शेजारच्या कपाटावर पडून तो नेम कितीदा तरी ऐकला.

अखेर ती परिचारिका स्वतः आली. पायांत धुळीच्या चपला, नेमकी जेवणाची वेळ.

“सिस्टर, बाहेर बसा ना थोडं. जेवताना कामाचं बोलत नाही आम्ही,” ऊर्जा विभागाचे साहेब म्हणाले.

“जेवा की साहेब. मागच्या आठवड्यात बस बंद होती, बर्फ मिळाला नाही. एका बाईला साप चावला आणि लस वाया गेलेली. जीपमधून चार तास नेलं तिला. जीव वाचला, पाय गेला. मला फक्त एवढंच सांगा, खांब किती लागतील?”

ऊर्जा विभागाच्या साहेबांनी घास डब्यात परत ठेवला. “तुमच्याकडे? जुन्या पायवाटेनं नेलं तर... अकरा.”

“पायवाटेनं?” वन विभागाचे साहेब ताडकन म्हणाले. “मग माझं एकही झाड जात नाही! हे आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

“दोनदा विचारलं, लेखी!”

“अगंबाई, एवढंच होतं?” आरोग्य विभागाच्या बाई पुटपुटल्या.

तीन वर्षांचे काम चार मिनिटांत झाले. परिचारिकेने मला कपाटावरून खाली घेतले आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले: ‘अकरा खांब. जुनी पायवाट. एकही झाड तुटणार नाही.’ तिघांनी हात धुऊन खाली सह्या केल्या. माझी पाने त्या दिवशी प्रथमच मला हलकी वाटली.

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरून शेरा आला: ‘बाहेरील व्यक्तीस नस्तीवर लिहिण्याचा अधिकार आहे काय? विधी विभागाचा अभिप्राय घ्यावा.’ एक कोरे पान घेऊन त्याच तीन ओळी पुन्हा लिहिल्या असत्या, तर प्रश्न मिटला असता. सह्या करणाऱ्या तिघांपैकी एकानेही ते पान घेतले नाही. दुपारी डबे मात्र उघडले.

सध्या मी तळमजल्यावर, विधी विभागाच्या टोपलीत आहे. परिचारिकेचा दूरध्वनी येतो, तेव्हा शिपाईमामा तो उचलतात. “आहे, सिस्टर, आहे. सुखरूप आहे,” एवढेच ते म्हणतात. हो, मी सुखरूप आहे! मला साप चावत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा टेबलामागे बसलात, तर माझ्यासारखीवर लेखणी टेकवण्यापूर्वी खुर्चीवरून उठा. बत्तीस पावले चाला, शेजारचे दार वाजवा आणि तोंडाने विचारा. मग खुशाल लिहा. पण मिळालेले उत्तर लिहा. ती परिचारिका उद्याही सकाळची बस धरील, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन. तुमची शाई वाळेपर्यंत तो बर्फ थांबणार नाही.