एकतीस टक्के

बेटावरच्या त्या गावाचं जनरेटर तीन दिवस बंद होतं. त्यामुळे बापाच्या अंत्यविधीला मेलेनाइतेचा एकच फोन जिवंत उरला होता. त्यात एकतीस टक्के बॅटरी. दफनाला अजून तीन तास होते आणि तिकडे ऑकलंडला तिचा भाऊ फिनाऊ फोनला डोळे लावून बसला होता. त्याचे कागद अपुरे होते. तिथून निघाला असता तर परत शिरू दिलं नसतं.

ऑकलंडला मेलेनाइते हेच काम करायची: थेट चित्र कमीत कमी विजेत पोचवायचं. चित्रात जे हलतं तेच पुन्हा पाठवावं लागतं. जे स्थिर असतं ते जवळजवळ फुकट जातं. म्हणून तिने चुलतभावाला सांगून फोन असा ठेवून घेतला होता, की मागे झुलत्या झावळ्या न येता नुसत्या चटया याव्यात. चित्र लहान केलं, पडदा मंद केला. तरी टक्के उतरतच होते. कारण फोनशेजारी, बापाच्या उशाशी लुसेआने आत्या बसली होती आणि आपल्या मेलेल्या भावाच्या चेहऱ्यावर विणलेल्या पंख्याने वारा घालत होती. एकसारखा.

"आत्या, थोडं थांबून थांबून घालाल का वारा?" दाराजवळून मेलेनाइतेने विचारलं.

"का गं?"

"पंखा हलला की बॅटरी जास्त जाते."

"म्हणजे तुझ्या बॅटरीपायी माझ्या भावावर माशा बसू देऊ?"

"ऑकलंडच्या माशा रांगेत उभ्या राहतात, आत्या," मागून कोणी म्हणालं. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या.

वीस टक्के झाले तशी मेलेनाइते उठली आणि फोन घ्यायला सरळ उशाकडे निघाली. बायकांनी धरलेलं प्रार्थनेचं गाणं थांबलं. सुतकाची म्हणून कमरेला गुंडाळलेली मोठी, फाटकी चटई पायांत आली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मुलांनी बापाच्या डोक्यापाशी जायचं नसतं. मेलेल्याची मुलगी म्हणून आज या घरात सगळ्यांत खालची ती, बहीण म्हणून सगळ्यांत वरची आत्या.

"पाय मागे," आत्या म्हणाली. "तू दहा वर्षं बाहेर राहिलीस. बाप इथलाच होता."

ती मागे सरून बसली.

"आत्या," फोनमधून फिनाऊ बोलला, "चित्र बंद करा. मातीच्या वेळी बघेन."

"आणि तोवर?"

"तुम्ही सांगा ना."

मेलेनाइतेला विचारत आत्याने बटण दाबलं आणि फोन मांडीवर घेतला. "गालावर माशी आली. उडवली. पाद्री घाम पुसतोय. दाढी कुणी केली कोण जाणे, हनुवटीखाली तशीच राहिलीये." दोन तास ती कोरड्या आवाजात सांगत राहिली. नुसत्या आवाजाला वीज कमी लागते. कब्रस्तानात पोचले तेव्हा चौदा टक्के होते.

आत्या खड्ड्याच्या कडेला, मेलेनाइते गर्दीच्या पार मागे.

"डावीकडचं बटण, आत्या!" मेलेनाइतेने मागून सांगितलं.

आत्याने दाबलं. चित्र सुरू झालं, पण फिनाऊला दिसला तो तिचाच चेहरा.

"आत्या, तुम्ही केव्हापासून रडताय?"

"सकाळपासून. हे फिरवायचं कसं?"

"फोनचं तोंडच खड्ड्याकडे करा," मेलेनाइते ओरडली.

पेटी दोरांवरून खाली गेली. वाळू टाकायला सुरुवात झाली.

"दिसतंय का?" मेलेनाइतेने लांबून विचारलं.

"दिसतंय. तुला?"

"नाही."

मग फोनमधून फिनाऊ मोठ्याने तिला सांगू लागला.