कालिना वर बघत नव्हती

कालिनाला आमचं सोफिया शहर दाखवायला माझ्याकडे एकच दिवस होता, आणि त्या एका दिवसावर सगळं अवलंबून होतं. तिच्या आईला इथल्या दवाखान्यात नोकरी चालून आली होती. हॅम्बुर्गची नोकरी होतीच. आईने निर्णय लेकीवर टाकला होता: "जा, एकदा बघून ये. आवडलं तर परत जाऊ, नाही तर इथेच बरे आहोत."

म्हणजे मला शहर दाखवायचं नव्हतं, शहर गळ्यात मारायचं होतं.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा बोलायचं खातं कालिनाकडे असायचं. मला तहान लागली हेसुद्धा बाईंना तीच सांगायची. नंतर ती हॅम्बुर्गला गेली, माझ्या वतीने बोलायला कोणी उरलं नाही, आणि मलाच तोंड उघडावं लागलं. एकदा उघडलं ते उघडलंच. आता मी शाळेच्या वादविवाद संघात आहे आणि घरात मला 'रेडिओ' म्हणतात, हाक मारताना नाही, बंद करायचा असतो तेव्हा.

शनिवारी सकाळी कालिना तिच्या आत्याच्या दारातून बाहेर आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस आखूड, आणि मनगट रिकामं. मार्च अर्धा संपला होता आणि मनगट रिकामं.

"हे काय, कोणी बांधली नाही?" मी विचारलं. एक मार्चला आम्ही एकमेकांच्या मनगटाला मार्तेनित्सा बांधतो; माझ्या हातात तर त्या कोपरापर्यंत होत्या, सगळ्या वर्गाने बांधलेल्या.

"तिकडे कोण बांधणार?"

मी खिशातून माझी काढली. लाल आणि पांढरा दोरा मीच वळला होता. टोकाच्या गोंड्यांपैकी एक जरा टकला झाला होता. तिच्या मनगटाला गाठ मारली आणि म्हटलं, "आता फुललेलं झाड दिसेपर्यंत काढायची नाही. किंवा करकोचा दिसेपर्यंत. दोन्हींतलं काही दिसलं की सोडून फांदीला बांधायची."

"मला शिकवतेस? तुला बांधायला मीच शिकवलं."

"म्हणूनच गाठ सुटायची माझी."

ती हसली. दिवस छान सुरू झाला, असं मला वाटलं.

माझा बेत पक्का होता, कारण माझं एक गुपित होतं. 'डॉक्टरांची बाग' म्हणतात त्या उद्यानातलं आलुबुखाराचं झाड गुरुवारीच फुललं होतं. मी ते लांबून पाहिलं, मान फिरवली आणि कोणाला बोलले नाही. शेवटी तिला तिथे न्यायचं, दोघींनी मिळून मार्तेनित्सा फांदीला बांधायच्या, इच्छा मागायची. माझी इच्छा काय, ते सांगायला नकोच.

पण त्याआधी शहर. मी तिला नेव्स्कीच्या मोठ्या चर्चसमोर उभी केली. ऊन पडलं होतं, घुमट असे चकाकत होते की कबुतरंही डोळे बारीक करत असतील.

"सोन्याचा पत्रा आहे. बघ ना."

कालिना स्वतःच्या बुटांकडे बघत होती. "ऐकतेय मी."

"घुमट ऐकायचा नसतो, कालिना."

"पिवळे दगड अजून तेवढेच गुळगुळीत आहेत," ती म्हणाली आणि बुटाचं टोक फरशीवर घासून पाहिलं.

पुढे हेच. रस्त्याच्या टोकाला वितोशा डोंगर बर्फासकट उभा, आणि ही गटाराची झाकणं बघतेय. सिंहांच्या पुलावर मी म्हटलं, "बघून सांग, सिंहांना जीभ आहे का. लोक म्हणतात, नाही." ती म्हणाली, "तुझ्याकडे गेली असेल." पण वर बघितलं नाही. मी बोलत होते, हात नाचवत होते, एका राजाची गोष्ट मध्येच जुळेना तर थोडी रचूनही सांगितली. तिची मान खालीच.

फक्त दोन ठिकाणी तिचा चेहरा उजळला. मेट्रोच्या स्टेशनात, जिथे रोमन लोकांचा रस्ता पायाखाली उघडा पडलाय, तिथे ती कठड्यावर ओणवून कितीतरी वेळ बघत राहिली. आणि दुसरं स्तान्का मावशीचं दुकान. ते तळघरात आहे. खिडकी फुटपाथच्या उंचीला, गिऱ्हाइकाने उकिडवं बसून मागायचं. मावशीला जगाचे फक्त पाय दिसतात.

"ही चालताना पाय आत टाकणारी रालित्सा," आतून आवाज आला. "आणि हे लांबलचक बूट कोणाचे?"

"कालिनाचे, मावशी. तुमच्याकडून सूर्यफुलाच्या बिया न्यायची आणि पैसे आई देईल म्हणायची, ती."

"अरे देवा, ती? पाय केवढे झाले. ये, खाली बस, तोंड दाखव."

कालिना उकिडवी बसली. मावशीने तिला चीज भरलेल्या खुसखुशीत बनित्साचा गरम तुकडा आणि प्यायला आंबट-गोड, दाट बोझाची बाटली दिली, तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "सुकलीस. तिकडे शिजवत नाहीत वाटतं."

कालिना दोन्ही गालांत भरून खात होती. मी मनात म्हटलं, चला, घुमटाने नाही तर बनित्साने तरी काम केलं. पण उठल्यावर पुन्हा मान खाली.

बागेत शिरताना माझे पाय दुखत होते आणि घसाही. कोपऱ्यावर वळलो आणि ते झाड समोर आलं, पांढरं शुभ्र, गुरुवारपेक्षाही भरलेलं. मी तिचा खांदा धरला.

"आता तरी वर बघ."

कालिनाने डोळे घट्ट मिटून घेतले. नुसते मिटले नाहीत, वरून हात ठेवला.

माझं डोकं सटकलं. मार्चमध्ये चिडू नये, मार्च आणणारी गोष्टीतली मार्ता आजी रुसते आणि बर्फ पाडते, हे मला माहीत आहे. पाडू दे, म्हटलं. "इतकं वाईट आहे का हे शहर? नाही यायचं तर सरळ सांग. दिवसभर मी घसा फोडतेय आणि तू बूट बघतेस. बूट काय, हॅम्बुर्गलाही दिसतात."

"रालित्सा, झाड आहे ना समोर? फुललेलं?"

"आहे. मग?"

"मग ओरडू नकोस, मला इथून बाहेर काढ." डोळे मिटलेलेच. "मी बघितलं तर काढावी लागेल ना."

"काय काढावी लागेल?"

तिने मनगट पुढे केलं. टकल्या गोंड्याची मार्तेनित्सा.

"तिकडे मी दर वर्षी स्वतःच बांधायचे, एक टोक दातात धरून. यंदा तेही सोडलं. स्वतः बांधलेली काय कामाची? इथून गेल्यापासून ही पहिली कोणीतरी बांधलेली. आणि ती संध्याकाळच्या आतच झाडाला लटकवू? मला ती घालून घरी जायचंय. आई विचारेल ना, शहर कसं होतं, तेव्हा हात पुढे करणार आहे."

माझं रेडिओ स्टेशन बंद पडलं. मग मी तिचं मनगट धरून विचारलं, "म्हणजे सकाळपासून तू..."

"प्रत्येक रस्त्यावर झाडं लावून ठेवलीत तुम्ही लोकांनी. मान मोडली माझी."

"आणि आईला काय सांगणार?"

"येतोय म्हणून. आमच्या जुन्या इमारतीमागच्या जर्दाळूला बांधीन ही, सामान उतरवल्यावर."

"सामान तुझी शाळा संपल्यावर, जुलैत येईल. जुलैत कुठला मोहोर? जर्दाळूसुद्धा लोकांनी खाऊन संपवलेले असतील."

"मग पानांना बांधीन. तू मला नियम शिकवू नकोस."

मी माझी एक मार्तेनित्सा सोडून फांदीला बांधली. इच्छा मागायची तर ती आधीच समोर येऊन उभी होती, डोळे मिटून. म्हणून मी मार्ता आजीची चिडल्याबद्दल माफी मागितली आणि कालिनाचा हात धरला.

बागेच्या फाटकापाशी कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा थांबले. "काय झालं पोरीला? डोळ्यांत काही गेलं?"

"नाही आजोबा, मोहोर चुकवतेय," मी म्हटलं. "मार्तेनित्सा सोडायची नाहीये तिला."

आजोबांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग गंभीरपणे काठी उचलून दाखवली. "असं असेल तर त्या बाजूने नेऊ नकोस. दूतावासाच्या भिंतीवरून एक फुललेला मॅग्नोलिया डोकावतोय. चर्चमागून जा. आणि पोरी," ते कालिनाला म्हणाले, "आभाळातसुद्धा बघू नकोस. काल करकोचे गेलेत."

"नाही बघत," कालिना म्हणाली.

चर्चमागून मेट्रोपर्यंत मी तिला तशीच नेली, हाताला धरून, आणि वाटेत लागलेलं सगळं शहर तोंडाने दाखवलं. या खेपेला ती प्रत्येक गोष्टीवर काही ना काही विचारत होती.