बंलक

चाळीस खुर्च्या सांगून बाबा घरी आले आणि मी हातातला कप खाली ठेवला.

"रविवारी सकाळी दहाला," ते म्हणाले. "दुकानाशेजारचा शिवणवर्गाचा हॉल मिळाला. मशिनं भिंतीला सरकवून देते म्हणाल्या बाई. आजच्या भागात मी सांगूनच टाकलंय सगळ्यांना, बंद पडलेलं घड्याळ घेऊन या, मी फुकट बघून देतो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"अगं, सगळ्यांना! अकरा हजार ऐकणारे आहेत ना? त्यातले चाळीस नाही येणार?"

आई आतून म्हणाली, "अकरा हजारांना चाळीस खुर्च्या? बाकीच्यांना काय तुमच्या डोक्यावर बसवणार?"

बाबा हसले. मला हसू येईना. ते अकरा हजार कुठे बसतात ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या ऑफिसात, लोखंडी रॅकवर, चार्जरला लावून.

आता आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मजात लबाड आहे. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच टेबल, डोळ्याला एकच भिंग. गिऱ्हाईक आटत गेलं, तेव्हा मीच त्यांना माईक आणून दिला. म्हटलं, नाहीतरी दिवसभर घड्याळांशी बोलता, ते माणसांना ऐकू द्या. तसा त्यांचा पॉडकास्ट सुरू झाला, 'किल्ली' नावाचा. दर आठवड्याला एक घड्याळ उघडायचं आणि आत काय बिघडलंय ते बोलायचं. इतकं छान बोलायचे की आई भाजी चिरता चिरता थांबायची. फक्त माईकसमोर जरा जास्तच शुद्ध बोलायचे. घरी आम्ही लंबकाला 'बंलक' म्हणतो. लहानपणी मला लंबक म्हणता यायचं नाही, बंलक म्हणायचे, आणि तोच शब्द घराला चिकटला. आईसुद्धा विचारते, "बंलक पुसला का?" पण माईक चालू झाला की बाबा स्वच्छ 'लंबक' म्हणणार. बंलक घरातला, लंबक लोकांतला.

आणि लोक किती? एकतीस. सहा महिने एकतीस. दर सोमवारी सकाळी बाबा विचारायचे, "किती?" मी म्हणायचे, "एकतीस." ते म्हणायचे, "बरं."

ते 'बरं' मला ऐकवेना, बस. बाकी काही कारण नाही.

माझी नोकरी तसल्याच कामाची. लोकांचे पॉडकास्ट यादीत वर चढवायचे. दोनशे चाळीस फोन, एकेकात चाळीस-पन्नास खोटी खाती, आवाज बंद करून सगळे दिवसभर एकच भाग 'ऐकत' बसतात. त्या खोलीत कोणी बोलत नाही, नुसता पंखा फिरतो आणि फोन तापतात. आम्ही त्यांना 'कळप' म्हणतो. वर माणसांच्या नावाने खोटे अभिप्राय लिहायचे, त्याला म्हणतो 'पेरणी'. आमचा साहेब कधी पाठीमागे येऊन उभा राहतो ते कळत नाही, म्हणून त्याचं नाव बोका. मी बोक्याला म्हटलं, दोन कामांच्या मध्ये कळप रिकामाच असतो, त्यात माझ्या वडिलांना घालते. तो म्हणाला, "घाल की. घरचंच आहे."

पाच आठवड्यांत बाबा छंदांच्या यादीत तिसरे आले. आई म्हणाली, "तिसरे? वर अजून दोघं आहेत म्हणजे." पण ती खूश होती. बाबा रोज दाढी करायला लागले. मी लिहिलेले अभिप्राय ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे. हे सगळं बघून मला बरं वाटत होतं हो, खोटं कशाला बोलू? वाईट काम चांगल्या मनाने केलं की चांगलं होत नाही, एवढी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

तो सबंध आठवडा डोळ्यांपुढे एकच चित्र. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसलेत, समोर चाळीस रिकाम्या खुर्च्या, दहा वाजून गेलेत, सव्वादहा झालेत, आणि ते दाराकडे बघतायत. गुरुवारी ठरवलं, सांगून टाकायचं. दुकानात गेले. ते एक जुना लंबक फडक्याने पुसत होते.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी माझं ऐक," ते म्हणाले. "तुला बोललो नव्हतो. एकतीसवर होतो ना, तेव्हा मी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. हत्यारं कोणाला द्यायची त्याचाही विचार करून ठेवला होता. म्हटलं, कोणाला ऐकायचंच नाही तर कशाला बडबडायचं? आता बघ." आणि त्यांनी लंबक उजेडात धरला. "बोल, तुझं काय?"

"काही नाही. रविवारी कुठला शर्ट घालताय?"

इतकी मी शूर.

शुक्रवारी बोक्याच्या टेबलाशी गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "फोनांना पाय नसतात, पण आपल्याकडे पाय असलेलीही आहेत. नव्या दुकानांच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायला जातात तीच. चाळीस ना? देतो. ऑफिसच्या मोठ्या गाडीने येतील, गाडीने जातील. तू यादी घेऊन दारात उभी राहा. मागच्या वेळी एकजण मेव्हण्याला घेऊन आला होता, तसले फुकटे घुसू देऊ नकोस. आणि त्यांना एक वाक्य लिहून दे, तुझे वडील काही विचारणारच."

बाबा विचारणारच होते. मी त्या चाळीस जणांना घाईघाईत निरोप लिहिला. 'कुठला भाग आवडला असं विचारलं तर सांगा…' पुढे फोनने स्वतःच शब्द सुचवला, मी दाबला आणि पाठवून मोकळी झाले. वाचूनसुद्धा बघितलं नाही. एकाला एक झाकायला गेलं की असंच होतं.

रविवारी पावणेदहाला गाडी आली. मी दारात, हातात यादी. माणसं उतरली, शिस्तीत नावं सांगितली, आत गेली. नऊ जणांच्या हातात एकाच आकाराची, एकाच रंगाची भिंतीवरची घड्याळं होती, सेलवर चालणारी. दोघांच्या घड्याळावर तर प्लॅस्टिकही तसंच होतं. मेले, निदान ते तरी फाडायचं! चाळिसावा आत गेला तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

तेवढ्यात पायरीवर एक म्हातारा दिसला. छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं धरलेलं, धाप लागलेली.

"'किल्ली'वाले घड्याळजी इथेच ना?"

"नाव?"

त्याने नाव सांगितलं. यादीत नव्हतं. मी परत वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नव्हतंच. आला, म्हटलं, मेव्हणा आला.

"गाडीने आलात?"

"नाही हो, दोन बस बदलून. हे बघा ना, सत्तेचाळीस वेळा हलतो आणि थांबतो. त्यांनीच सांगितलं होतं, लंबक हलवा आणि मोजा म्हणून. मी रोज मोजतो. सत्तेचाळीसच."

माझ्या डोक्यात काय आलं असेल? की बोक्याने याला भलतंच पाठ करून पाठवलंय. आणि हा बाबांच्या समोर जाऊन अतिच करणार. आतून बाबांचा "या, बसा, बसा" असा आवाज येत होता आणि माझे कान तिकडे लागले होते.

"चाळीस भरले," मी म्हटलं. "यादीत नाव नाही तुमचं. पुढच्या वेळी या."

"यादीचं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "चुकलंच माझं." त्याने चादर सारखी केली आणि एकेक पायरी बघत खाली उतरला. मी दार लोटून घेतलं.

आत बाबा उभे होते. शर्टाची इस्त्री कडक, आवाज थोडा कापरा. "मला आधी सांगा," त्यांनी पहिल्या रांगेतल्या बाईंना विचारलं, "तुम्हाला कुठला भाग आवडला?"

"बंलकाचा," बाई ठणकावून म्हणाल्या.

फोनने सुचवलेला शब्द हा होता, आमच्या घरातला.

बाबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुठला म्हणालात?"

"बंलकाचा हो! फारच सुंदर."

"मलाही बंलकाचाच," शेजारचा म्हणाला. त्याच्यामागचा म्हणाला, "बंलकाला तोड नाही." मागच्या रांगेतून कोणीतरी न विचारताच ओरडलं, "बंलक एक नंबर!" आणि टाळ्या सुरू झाल्या. सवयच ना त्यांना.

बाबांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली. मग मान वर करून दाराशी माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आणा, कोणाचं घड्याळ आधी?" तासभर त्यांनी ती सेलची घड्याळं उघडली, सेल काढले, परत घातले, प्रत्येकाला नीट समजावून सांगितलं. प्लॅस्टिक स्वतः सोडवलं. अकरा वाजता बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि चाळीस माणसं एकदम उठली.

हॉल रिकामा झाला. आठवडाभर मला जे दिसत होतं तेच आता समोर होतं. बाबा टेबलामागे आणि चाळीस रिकाम्या खुर्च्या.

"अकरा हजारसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते अभिप्राय?"

"मीच."

त्यांनी भिंग काढून पुसलं, डबीत ठेवलं. "आज एक तरी खरा आला का गं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आणि आत्ता, तासाभराने, मला तो म्हातारा ऐकू आला. लंबक म्हणाला होता तो. बंलक नाही. लंबक.

मी पायऱ्यांवरून पळत सुटले. बसथांब्यापर्यंत धावले, तिथल्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या. त्यांना विचारलं, चादरीत घड्याळ घेतलेले आजोबा बघितलेत का? त्या म्हणाल्या, गेले मघाशीच. पलीकडच्या थांब्यावर गेले, दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. त्यांचं नाव? मला सांगितलं होतं त्यांनी, मी बोट फिरवत शोधलंही होतं, आणि आता एक अक्षर आठवेना. रडत परत आले.

बाबा खुर्च्या एकात एक रचत होते. मी सगळं सांगितलं. फोनांचं ऐकताना ते खुर्च्या उचलतच राहिले. म्हाताऱ्याचं ऐकलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

"काय म्हणाला तो? शब्दन्‌शब्द सांग."

"सत्तेचाळीस वेळा हलतो आणि थांबतो. रोज मोजतो म्हणाला."

"रोज मोजतो," बाबा म्हणाले आणि त्याच खुर्चीवर बसले. "घड्याळ भिंतीवर तिरकं लागलं असणार, दुसरं काही नाही. केसभर सरळ केलं की झालं. दोन मिनिटांचं काम होतं गं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर मी ते बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी नवा भाग केला. माझ्यावर काही ढकललं नाही, म्हणाले, आमच्याकडून चूक झाली. दोन बस बदलून आलेल्या गृहस्थांनी कृपा करून परत यावं, यादी वगैरे काही नाही, दुकान रोज उघडं आहे. आणि येणं जमणार नसेल तर घड्याळाची उजवी बाजू थोडी उचलून बघा, मग डावी, टिकटिक सारखी आली की तिथेच ठेवा. बोलताना मध्येच थांबून त्यांनी दोनदा घसा साफ केला. मी तो भाग कुठेही न कापता तसाच चढवला.

सोमवारी मी कळपातून 'किल्ली' काढली आणि बोक्याला सांगितलं की मी चालले. तो म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत बाबा यादीतून नाहीसे झाले.

मग आठवडाभर मी त्या आकड्याकडे बघत होते. तेवीस. सव्वीस. एकोणतीस. शनिवारी तीस झाले आणि मला काय करू काय नको असं झालं. अजून एक, देवा, फक्त ते आजोबा. रविवारी सकाळी तीस. दुपारी तीस. बाबा दुकानाचं दार उघडं टाकून पायरीकडे तोंड करून बसले होते. आईने दोनदा चहा नेऊन दिला आणि दोनदा भरलेला कप परत आणला.

सोमवारी सकाळी बाबांनी दाढी केली, शर्ट घातला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"किती?"

एकतीस म्हणणं किती सोपं होतं. नेहमीचाच तर आकडा.

"तीस, बाबा."

ते 'बरं' म्हणाले नाहीत.