दुशिकचे काळे बूट

रश्श्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच मल्सूनचा फोन कोकलला. फोनच्या नकाशावर नवऱ्याचा, दुशिकचा, ठिपका अंत्यविधीच्या इमारतीबाहेर पडून रस्त्याला लागला होता.

"आत्ता तर शेजारी बसले होते."

"अगं वहिनी, मोरीकडे गेला असेल दादा. बघ तरी आधी," नणंद कप्सुक म्हणाली.

"फोनवर दिसतंय ना. फोन काय खोटं बोलतो?"

दाराशी काळ्या बुटांचा ढीग होता. दुशिकच्या जुन्या सोबत्याला निरोप द्यायला अख्खा कारखाना लोटला होता. त्या ढिगात स्वतःचे बूट शोधत बसायला वेळ कुणाला? पायाला लागल्या त्या रबरी चपला सरकवून ती धावली.

आरोग्य केंद्राने दुशिकच्या बुटात फोनला जागा कळवणारा तळवा बसवून दिला, तेव्हा सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं होतं. माणूस सगळं विसरला तरी आता हरवणार नाही. खरंच होतं ते. पण तेव्हापासून फोन तिच्या हातातून सुटला नव्हता. मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या स्नानघरात जायचं तिने सोडलं, तिथे फोन नेता येत नाही म्हणून. तळवा त्याच्या बुटात आणि बेडी हिच्या पायात.

टॅक्सीत बसल्यावर ठिपका पूल ओलांडून बंदराकडे सरकताना दिसला. पुढे समुद्रच. मल्सूनने ड्रायव्हरला घाई करायला सांगितलं. आणि त्यातच, तिचं तिला कळायच्या आत, एक विचार येऊन गेला. नाही सापडले, तर आज मी झोपेन. क्षणभर तिला फार हलकं वाटलं. मग इतकी लाज वाटली, की तिने फोन मांडीवर पालथा घातला.

ठिपका मासळीबाजारामागच्या बसथांब्यावर थांबला. तिथे एक अनोळखी, टकला माणूस बाकावर बसून घोटे चोळत होता.

"हे बूट आमच्या मालकांचे आहेत," ती म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. "तरीच मघापासून चावतायत. मला वाटलं, दारूने पाय सुजले. माफ करा वहिनी, तिथे सगळेच काळे हो." मग म्हणाला, "पण मग तुमचे मालक काय घालून गेले?"

मल्सूनने पायातल्या चपला त्याला दिल्या आणि नवऱ्याचे बूट आपल्या पायांत चढवले. परतताना ठिपका फोनवर हळूहळू मागे येत होता. तो ठिपका आता ती स्वतः होती.

दुशिक अंत्यविधीच्या इमारतीच्या उंबऱ्यावर नुसते मोजे घालून बसला होता. मांडीवर बायकी बुटांचा जोड.

"कधीचा बसलाय असा," कप्सुक म्हणाली. "उठायचं नाव नाही. बुटांना कुणाला हात लावू देत नाही."

"चला, घरी जाऊ," मल्सून म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे बाई," दुशिक अदबीने म्हणाला. "माझी बायको आत आहे. हे बघा बूट तिचे. बूट टाकून कुठे जायची ती?"

मल्सूनने पायातले बूट काढले आणि त्याच्या पायांपुढे नीट जोडून ठेवले.

"येईल ना ती?" त्याने विचारलं.

"येईल. मी पण थांबते."

दुशिक जरा सरकला आणि त्याने तिला बसायला जागा करून दिली.